दुसऱ्याच्या ओट्यावरची खेळणी

नाताळची सुट्टी लागायच्या आधीच आमच्या घरी रुसवेफुगवे सुरू झाले होते. लेकीच्या वर्गातली एक मैत्रीण आई-बाबांबरोबर हाँगकाँगच्या डिस्नेलँडला निघालेली. नाताळात तिथे म्हणे भलंमोठं ख्रिसमस ट्री असतं, खोटा बर्फ पडतो, मिकी आणि मिनी लाल कपडे घालून मिरवणुकीत नाचतात... ही सगळी माहिती आम्हाला रोज रात्री ताटावर वाढली जात होती. आमच्या ह्यांनी एकदा इंटरनेटवर विमानाची तिकिटं बघितली आणि काही न बोलता कॉम्प्युटर बंद केला. शेवटी ठरलं ते दोन दिवस जव्हारला जायचं.

लेकीचा चेहरा एवढासा झाला. जव्हारला मिकी असतो का, हा तिचा पहिला प्रश्न. नसतो म्हटल्यावर निषेध म्हणून तिने मिकीचं चित्र असलेली टोपी दोन दिवस डोक्यावरून काढली नाही. या टोपीमुळेच आजचा लेख लिहायला बसले आहे.

जव्हार म्हणजे पूर्वीच्या ठाण्याचं आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्याचं महाबळेश्वर. मनोर सोडून विक्रमगडमार्गे घाट चढायला लागलं की मुंबईचा घाम हळूहळू उतरतो. मुकणे राजांचा जयविलास राजवाडा, हनुमान पॉइंट, सनसेट पॉइंट, शिवाजी महाराज सुरतेच्या वाटेवर थांबले होते ते शिरपामाळ, सगळं रीतसर पाहिलं. नाताळच्या सुट्टीमुळे गाड्यांची गर्दी होती. उतरलो होतो त्या घरच्या ताईंनी नागलीची भाकरी, उडदाचं वरण आणि खुरासणीची चटणी असं जेवण केलं. एरवी नाक मुरडणाऱ्या लेकीने दीड भाकरी खाल्ली, ते मी मनातल्या मनात लिहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मोखाड्याच्या बाजूला गेलो. ताईंच्या ओळखीच्या एका घरी बोहाड्याचे मुखवटे बघायला मिळणार होते. बोहाडा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. या भागात शिमग्याच्या पुढेमागे, उन्हाळ्यात गावोगावी हा सोंगांचा उत्सव होतो. मोठमोठे रंगीत मुखवटे चढवून गणपती, सरस्वती, देव, राक्षस अशी एकेक सोंगं रात्री उजेडात नाचत येतात, सोबत संबळ आणि पिपाणी. कितीतरी गावांत कुठलं सोंग कुठल्या घराण्याने घ्यायचं हेही पिढ्यान् पिढ्या ठरलेलं असतं. आमच्या लेकीने ते मुखवटे पाहिले आणि पहिल्यांदाच टोपी काढून बाजूला ठेवली.

त्या घरापासून जरा पुढे एक पाडा होता. दहा-बारा घरं, त्यातल्या बऱ्याच घरांना कड्या घातलेल्या. आम्हाला वाटलं माणसं शेतावर असतील. पण भात कापून झालेलं, शेतं रिकामी पडलेली. एका ओट्यावर एक आजी आणि सात-आठ वर्षांचा नातू बसले होते. आजी म्हणाल्या, सगळी भट्टीवर गेलीत. दिवाळी झाली की उचल घेऊन पाडेच्या पाडे निघतात भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर. पोरंबाळं, कोंबड्या, भांडीकुंडी सगळं टेम्पोत. हा एकटा आजारी होता म्हणून मागे राहिला. बरा झाला की त्यालाही मामा येऊन नेणार होता. नातू आमच्या लेकीच्या हातातल्या टोपीकडे बघत होता. मग त्याने आजीला हळूच विचारलं, हा उंदीर असा हसतोय का?

रात्री जव्हारच्या थंडीत शेकोटीपाशी बसल्यावर लेकीला विचारलं, वॉल्ट डिस्ने कोण होता, माहीत आहे का? तिच्या मते ते कंपनीचं नाव. गोदरेज, टाटा असतं तसं. मग तिला गोष्ट सांगितली. मोठ्यांसाठीचा जो भाग तिच्या गोष्टीत राहून गेला, तोही आज तुम्हाला सांगते.

वॉल्टचा जन्म ५ डिसेंबर १९०१ चा, अमेरिकेतल्या शिकागोचा. वडील एलायस, आई फ्लोरा. चार भाऊ आणि शेवटची बहीण रूथ, वॉल्ट भावांत धाकटा. एलायस सुतारकाम करायचे. १८९३ साली शिकागोत जे प्रचंड जागतिक प्रदर्शन भरलं, त्याच्या बांधकामावर त्यांनी मजुरी केली होती. लोकांनी तोंडात बोटं घालावीत अशी ती दिव्यांची पांढरी नगरी होती. मुलाच्या नगरीचं मूळ बापाच्या मजुरीत शोधता येतं, असं मला उगीचच वाटतं.

वॉल्ट चार-पाच वर्षांचा असताना हे कुटुंब मिसुरी राज्यातल्या मार्सेलीन नावाच्या गावी शेतीवर राहायला गेलं. पंचेचाळीसेक एकर जमीन, सफरचंदाची झाडं, डुकरं, कोंबड्या, जवळून जाणारी आगगाडी. त्याच्या आयुष्यातली खरी सुखाची वर्षं म्हणजे ही चार-पाच. एकदा घरचे बाहेर गेलेले असताना त्याला डांबराचं पिंप सापडलं. वॉल्ट आणि चिमुकल्या रूथने काठ्या डांबरात बुडवून घराच्या पांढऱ्या भिंतीवर चित्रं काढली. पुसू म्हणाले तर पुसलं जाईना! वडिलांचा संताप काय वर्णावा. जव्हारला ही गोष्ट सांगत होते तेव्हा ताई हसायला लागल्या. त्यांच्याकडे भिंतीवर चित्र काढणं हा गुन्हा नाही, उलट लग्नाचा चौक भिंतीवर लिहिल्याशिवाय वारल्यांचं लग्न लागत नाही. आणि तो लिहायचा मान बायकांचा. वॉल्टच्या नशिबी ती भिंत नव्हती. पण एका मावशीने, खरं तर काकीने, त्याला कागद आणि रंग आणून दिले. गावातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी आपल्या घोड्याचं चित्र काढायला लावून वर पैसेही दिले. एवढ्यावर त्या पोराने ठरवून टाकलं की आपण चित्रकार.

पण शेती बुडाली. वडील आजारी पडले, थोरले दोन भाऊ बापाच्या शिस्तीला कंटाळून आधीच पळून गेलेले. शेत विकलं आणि १९११ मध्ये कुटुंब कॅन्सस सिटीत आलं. एलायसने पेपर टाकायची लाइन विकत घेतली. म्हणजे शेकडो घरांना सकाळी आणि संध्याकाळी वर्तमानपत्रं पोचवायची. ती पोचवायला घरात मुलं होतीच. मोठा रॉय अठरा वर्षांचा आणि वॉल्ट नऊ.

नऊ वर्षांचा! माझ्या लेकीच्या वयाचा. पहाटे साडेतीनला उठायचं, पेपर टाकायचे, मग शाळा, शाळेतून लवकर सुटून पुन्हा संध्याकाळचे पेपर. पेपर नुसता फेकलेला वडिलांना चालायचा नाही, ओट्यावर जाऊन दारात नीट ठेवायचा. बर्फात कमरेपर्यंत रुतायचं तरी ठेवायचा. या कामाचे पैसे मुलाला मिळायचे नाहीत. खायला-ल्यायला देतो ते काय कमी आहे, असा एलायसचा हिशोब. वॉल्ट मग चोरून थोडे जास्तीचे पेपर विकून स्वतःसाठी चार पैसे काढायचा. हे असं सहा वर्षं चाललं. वर्गात तो पेंगायचा. मोठेपणी, जगभर नाव झाल्यावरसुद्धा, एखाद्या घरी पेपर टाकायचा राहून गेला आहे आणि बाबा कोपऱ्यावर वाट बघत उभे आहेत, अशी स्वप्नं पडून तो दचकून जागा व्हायचा.

आणि एक गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे. पेपर टाकायच्या वाटेवर खात्यापित्या लोकांची घरं होती. त्यांच्या ओट्यांवर मुलांनी आदल्या दिवशी खेळून तशीच टाकलेली खेळणी पडलेली असायची. गाड्या, आगगाड्या, काय काय. अंधारात, कुणी बघत नाही असं पाहून वॉल्ट पेपरची पिशवी खाली ठेवायचा आणि त्या खेळण्यांशी थोडा वेळ खेळायचा. मग जिथलं तिथे, जसं होतं तसं ठेवून पुढच्या घराकडे पळायचा.

मी हे लेकीला सांगितलं तेव्हा ती काहीच बोलली नाही. तिने फक्त विचारलं, त्याची आई काय करत होती? प्रश्न अगदी रास्त! फ्लोरा ही त्या घरातली मऊ जागा होती. नवऱ्यापुढे तिचं फार चालत नसे, पण जिथे चालवता येईल तिथे ती चालवायची. पुढे पहिलं महायुद्ध सुरू असताना सोळा वर्षांच्या वॉल्टला रेडक्रॉसमध्ये जायचं होतं. एलायसने सही करायला साफ नकार दिला. फ्लोराने दोघांच्याही नावाने सही ठोकली. कुठल्या तरी खिडकीतून पळून जाण्यापेक्षा सांगून गेलेला बरा, असा तिचा विचार असावा. तिचे मोठे मुलगे पळूनच गेले होते ना. वॉल्टने त्या कागदावर जन्मसालाचा आकडा बदलून स्वतःला वर्षभराने मोठं केलं. तो फ्रान्सला पोचला १९१८ च्या डिसेंबरात, तेव्हा युद्ध संपून गेलेलं. तिथे तो अँब्युलन्स चालवायचा आणि तिच्यावर चित्रं काढायचा.

परत आल्यावरची वर्षं म्हणजे नुसती खटपट. कॅन्सस सिटीत त्याने कार्टूनपटांची छोटी कंपनी काढली आणि १९२३ मध्ये तिचं दिवाळं वाजलं. राहायला खोली नाही म्हणून तो ऑफिसातच झोपायचा, अंघोळीला रेल्वे स्टेशनवर जायचा, डब्यातले घेवडे खाऊन दिवस काढायचा. एका डॉक्टरने दातांच्या काळजीवर फिल्म करायचं काम देण्यासाठी फोन केला, तर याला घराबाहेर पडता येईना. एकुलते एक बूट चांभाराकडे अडकलेले आणि सोडवून आणायला पैसे नाहीत. त्या डॉक्टरने येऊन बुटांचे पैसे भरले. त्याच वर्षी चाळीसेक डॉलर खिशात घेऊन वॉल्टने कॅलिफोर्नियाची गाडी पकडली. रॉय तिथे क्षयाने आजारी, इस्पितळात. तो इस्पितळातून बाहेर पडला आणि दोघा भावांनी मिळून स्टुडिओ सुरू केला. हिशोब रॉयचा, स्वप्नं वॉल्टची. हे नातं शेवटपर्यंत टिकलं, अधूनमधून कडाक्याची भांडणं होऊनसुद्धा.

स्टुडिओत शाईने रेघा गिरवायच्या कामाला लिलियन बाउंड्स नावाची मुलगी लागली. दहा भावंडांतली शेंडेफळ, आयडाहो राज्यातली, पगार आठवड्याला पंधरा डॉलर. १९२५ च्या जुलैत तिचं आणि वॉल्टचं लग्न झालं. १९२८ मध्ये वॉल्टच्या हातून ऑस्वल्ड नावाचा त्याचा लोकप्रिय ससा गेला. हक्क वितरकाकडे होते आणि याने करार नीट वाचला नव्हता. नवरा-बायको न्यूयॉर्कहून आगगाडीने हात हलवत परत निघाले. त्यानंतर उंदीर जन्मला. वॉल्टने त्याचं नाव मॉर्टिमर ठरवलं होतं. लिलियनला ते भारदस्त नाव मुळीच आवडलं नाही, म्हणून तो मिकी झाला. रेखाटला तो वॉल्टचा जुना साथीदार अब आयवर्क्सने, आवाज दिला स्वतः वॉल्टने. १८ नोव्हेंबर १९२८ ला आवाजासकट पहिला मिकी पडद्यावर आला आणि पुढचं तुम्हाला माहीतच आहे. आपल्याकडे नव्वदच्या दशकात रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर डिस्नेची कार्टून्स लागायची तेव्हा आमच्या चाळीतले गॅलरीतले सगळे खेळ बंद पडायचे.

आता बायकांच्या पानावर लिहिते आहे तर हे सांगितलंच पाहिजे. २१ डिसेंबर १९३७ ला 'स्नो व्हाइट'चा पहिला खेळ झाला. तो ऐन नाताळचा आठवडा. खर्च पंधरा लाख डॉलरच्या घरात, हॉलिवुडात सगळे हसत होते, लिलियनलासुद्धा हा सिनेमा चालेल असं वाटत नव्हतं. सिनेमा तुफान चालला. ऑस्करवाल्यांनी एक मोठी आणि सात छोट्या अशा बाहुल्या देऊन गौरव केला. पण त्या सिनेमाचं प्रत्येक चित्र पारदर्शक पट्टीवर शाईने गिरवणाऱ्या आणि रंगवणाऱ्या शंभराहून जास्त मुली होत्या. हातमोजे घालून, श्वास रोखून, केसाएवढी रेघ हलू न देता दिवसरात्र बसलेल्या. राजकन्येच्या गालावरची लाली त्यांच्या हातची. पडद्यावर त्यांची नावं नव्हती. चित्रपटाची मूळ चित्रं काढायचं काम मागायला आलेल्या मुलींना कंपनी चक्क छापील पत्राने कळवत असे की ते काम पुरुषांचं, बायकांनी गिरवावं आणि रंगवावं. ज्याची बायकोच त्या टेबलावरून उठून आलेली, त्याच्या कंपनीचं हे पत्र!

नंतर चित्र थोडं बदललं. १९४२ च्या 'बँबी'मध्ये शिकारी कुत्र्यांचा तो अंगावर काटा आणणारा पाठलाग रेटा स्कॉट नावाच्या मुलीने काढला आणि अॅनिमेटर म्हणून बाईचं नाव डिस्नेच्या पडद्यावर पहिल्यांदा झळकलं. मेरी ब्लेअर या चित्रकर्तीच्या रंगांवर तर वॉल्ट फिदा होता. डिस्नेलँडमधल्या होडीतून जगभरच्या बाहुल्या दाखवणाऱ्या प्रसिद्ध सफरीचं रूप तिचंच. पण ती अपवाद. आमच्या ताईंकडच्या चौकाखाली तरी कुणाचं नाव असतं? जिव्या सोमा मशे नावाच्या पुरुषाने वारली चित्रं कागदावर आणली आणि ती जगभर गेली. त्यांना पद्मश्री मिळाली, आनंदच आहे. त्याआधी शेकडो वर्षं भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहिणाऱ्या सवाशिणींची नावं मात्र कुणी विचारली नाहीत.

'स्नो व्हाइट'च्या पैशातून वॉल्ट आणि रॉयने आई-वडिलांना हॉलिवुडजवळ घर घेऊन दिलं. त्या घराची भट्टी, म्हणजे घर उबदार ठेवायचं यंत्र, नीट चालत नव्हतं. फ्लोराने तक्रार केली, स्टुडिओतली माणसं दुरुस्त करून गेली. १९३८ च्या नोव्हेंबरात त्याच भट्टीच्या विषारी वायूने फ्लोरा गुदमरून गेली. दोघांच्या नावाने सही ठोकणारी ती आई, मुलांनी हौसेने दिलेल्या घरात... वॉल्ट हा विषय आयुष्यभर टाळत राहिला.

त्याचा हात धरून ठेवावा असे दिवस होते तसे त्याचा राग यावा असेही आहेत. १९४१ मध्ये स्टुडिओतल्या चित्रकारांनी पगारासाठी, युनियनसाठी संप केला. वॉल्टला तो घरच्यांनी केलेला विश्वासघात वाटला. संपकऱ्यांना त्याने मनातून कधी माफ केलं नाही, काही वर्षांनी सरकारी समितीपुढे जाऊन त्यांच्यातल्या काहींवर कम्युनिस्ट असल्याचा ठपकाही ठेवला. ज्याला स्वतःला सहा वर्षं कामाचे पैसे मिळाले नव्हते, त्याला दुसऱ्याच्या पगाराचं दुखणं कळू नये याचं मला आश्चर्य वाटतं. की तसंच होतं माणसाचं? एलायस कुठेतरी मुलात शिल्लक राहतो?

बाप म्हणून मात्र तो एलायस झाला नाही. लिलियनचे दोन गर्भपात झाल्यानंतर १९३३ च्या डिसेंबरात डायान जन्मली. नंतर शेरनला दत्तक घेतलं, तिचा जन्म १९३६ च्या ३१ डिसेंबरचा. मुलींना शाळेत सोडायला तो स्वतः गाडी चालवत जायचा. सुट्टीच्या दिवशी तिघं लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये जायची. मुली गोल फिरणाऱ्या लाकडी घोड्यांवर बसायच्या आणि हा बाकावर बसून शेंगदाणे खात बघत राहायचा. तिथेच त्याच्या मनात आलं की मुलं खेळतात आणि आई-बाप नुसते बाकावर बसतात, हे काही खरं नाही. दोघांना मिळून खेळता येईल अशी जागा पाहिजे. आपल्याकडे कितीजणींनी एस्सेल वर्ल्डमध्ये किंवा नाक्यावरच्या जत्रेत पर्सा, पाण्याच्या बाटल्या आणि सगळ्यांच्या चपला सांभाळत असे दिवस काढले असतील! मी तरी काढलेत.

आधी त्याने घरीच सुरुवात केली. १९५० च्या सुमारास बंगल्याच्या आवारात माणसं बसतील अशी छोटी वाफेची आगगाडी टाकली. इंजिनाचं नाव लिली बेल, बायकोवरून. पण रूळ नेमके लिलियनच्या फुलांच्या ताटव्यातून जाणार होते. झालं, घरात तंटा. शेवटी वॉल्टने रीतसर करारनामा केला आणि तिच्या फुलांखालून नव्वद फुटांचा बोगदा खणला. नवऱ्याच्या हौसेपायी आपला बगीचा न देणारी ही बाई मला फार आवडते.

करमणुकीच्या बागेची कल्पनाही तिला पटली नव्हती. तसल्या जागा गलिच्छ असतात, असं तिचं मत, आणि तेव्हा ते खरंही होतं. रॉय पैशांना हात लावू देईना. वॉल्टने आयुर्विम्यावर कर्ज काढलं, सुट्टीतलं घर विकलं, टीव्ही कंपनीशी करार केला. अॅनाहाइम गावाजवळ १६० एकर संत्र्यांच्या बागा घेतल्या. भोवती मातीचा उंच बांध घातला, कारण आत आलेल्याला बाहेरचं जग दिसायला नको. बांधावरून आगगाडी. उद्‌घाटनाच्या चार दिवस आधी, लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाची पार्टी त्याने बागेतल्या बोटीवर ठेवली. लिलियन बोटीवर चढली, सगळीकडे सुतारकामाचा कचरा पाहिला, झाडू मागितला आणि डेक झाडायला लागली. जगप्रसिद्ध माणसाची बायको, पार्टीच्या कपड्यांत!

१७ जुलै १९५५ चा पहिला दिवस म्हणजे फजितीच फजिती. भयंकर ऊन, ताजं डांबर वितळून बायकांच्या उंच टाचा रस्त्यात रुतल्या. खोटी निमंत्रणं घेऊन हजारो लोक घुसले. नळकाम करणाऱ्यांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ पुरेसे चालू नव्हते. वर्तमानपत्रांनी झोडपलं. पण सात आठवड्यांत दहा लाख लोक येऊन गेले. वॉल्टने बागेच्या मुख्य रस्त्यावर, आगीच्या बंबाच्या घरावर स्वतःसाठी छोटं घर ठेवलं होतं. रात्री तो खिडकीत उभा राहून जाणारी-येणारी माणसं बघायचा. नाताळात तर या जागेला बहर यायचा. रोषणाई, मिरवणुका, १९५८ पासून मेणबत्त्या घेऊन गाणारे गायकवृंद. त्या खिडकीत आजही दिवा लावलेला असतो, आणि नाताळात एक छोटं झाडही.

१९६६ च्या नोव्हेंबरात फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. सिगारेट तरुणपणापासूनची. पासष्टावा वाढदिवस इस्पितळात गेला. शेवटच्या रात्री रॉय त्याचे पाय चोळत बसला होता आणि वॉल्ट छताच्या चौकोनांकडे बोट दाखवून फ्लॉरिडातल्या नव्या जागेत कुठे काय येईल ते समजावत होता. १५ डिसेंबरला सकाळी तो गेला. नाताळला दहा दिवस होते. डिस्नेलँड त्या दिवशी बंद ठेवलं नाही. सुट्टीला आलेली मुलं घोड्यांवर बसत राहिली.

रॉयने निवृत्ती लांबणीवर टाकून फ्लॉरिडाचं काम पुरं केलं. नाव नुसतं डिस्ने नको, वॉल्ट डिस्ने पाहिजे, हा त्याचा हट्ट. १ ऑक्टोबर १९७१ ला ते सुरू झालं आणि त्याच डिसेंबरच्या वीस तारखेला रॉयही गेला. लिलियन ९८ वर्षांची होऊन १६ डिसेंबर १९९७ ला गेली. हे घराणंच डिसेंबरचं! आज टोकियो, पॅरिस, हाँगकाँग, शांघाय इथे त्यांच्या बागा आहेत. भारतात नाही. आणि आहेत तिथलं तिकीट एवढं की पहाटे पेपर टाकणाऱ्या मुलाला बांधाबाहेरच उभं राहावं लागेल. वॉल्टच्या बालपणीही त्याच्या घराजवळ दिव्यांनी झगमगणारी इलेक्ट्रिक पार्क नावाची बाग होती. तिचे दिवे तो विसरला नाही.

आपल्याच पालघर जिल्ह्यात, डहाणूजवळ बोर्डीला ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये काम सुरू केलं. त्या आणि वॉल्ट एकाच पिढीतले. शाळेत न येणाऱ्या आदिवासी मुलांच्या अंगणात त्यांनी बालवाडी नेली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात शाळा भरवली, शंख-शिंपले आणि बिया हीच खेळणी. तिकीट नाही, बांध नाही. वीटभट्ट्यांवरही पुढे भोंगाशाळा निघाल्या, भोंगा म्हणजे भट्टीवरची झोपडी. तरी दर दिवाळीनंतर टेम्पो भरून जातातच.

परतताना आम्ही वाड्यावरून भिवंडीच्या रस्त्याने आलो. रस्त्याच्या कडेला भट्ट्या धुमसत होत्या. कच्च्या विटांच्या रांगांमधून मुलं पळत होती, काही विटा पालथ्या घालत होती. लेकीने काच खाली केली आणि ती मोखाड्याचीच आहेत का, असं विचारलं. असतील, म्हटलं. मग बराच वेळ कुणी बोललं नाही. ठाण्याला पोचल्यावर तिच्या डोक्यावर टोपी नाही हे माझ्या लक्षात आलं. विसरलीस का, विचारलं तर म्हणाली, नाही, आजीच्या ओट्यावर ठेवली.

ताईंनी निघताना सांगितलं होतं की होळीला भट्टीवरची माणसं घरी येतात आणि मग बोहाडा सुरू होतो, तेव्हा या. लेकीने कॅलेंडरवर होळीभोवती गोल केला आहे. वार्षिक परीक्षा त्याच सुमाराला येते, असं हे म्हणताहेत. अजून काही ठरलेलं नाही.